‘द पर्सुएडर्स’ भांडणामुळे बंद पडली नाही

‘द पर्सुएडर्स’ या जुन्या ब्रिटिश मालिकेचा विषय निघाला की एक किस्सा हमखास फिरतो. तिचे दोन नायक, रॉजर मूर आणि टोनी कर्टिस, यांच्यात म्हणे छत्तीसचा आकडा होता. कॅमेरा बंद झाला की दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नसत. त्यांच्या भांडणापायी मालिका २४ भागांत गुंडाळावी लागली, ती साफ पडली आणि मूर जेम्स बाँड व्हायला निघून गेला. लोक हे इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. मला ही मालिका मनापासून आवडते, आणि तिच्यावर खपलेल्या माणसांवर या किश्श्यामुळे अन्याय होतो असं वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी भांडणाचं बघू. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ‘फाइव्ह माइल्स टू मिडनाइट’ या भागात पाहुणी कलाकार म्हणून आलेल्या जोन कॉलिन्सने कर्टिसच्या तापट स्वभावामुळे सेटवर ताण होता असं लिहून ठेवलंय. त्या भागाचे दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांनीही पुढे तिला दुजोरा दिला. ज्यांनी ही मालिका उभी केली त्या आयटीसी कंपनीचे सर्वेसर्वा लू ग्रेड यांनीसुद्धा आत्मचरित्रात, दोघांचं फारसं जमलं नाही आणि कामाची पद्धत वेगळी होती, असं म्हटलंय. पण फारसं न जमणं आणि तोंडही न बघणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खुद्द मूर आणि कर्टिस यांनी आपापल्या आठवणींत वैराची गोष्ट नाकारली. २००५ साली एका मुलाखतीत मालिका नव्याने करण्याचा विषय निघाला, तेव्हा मूर नसेल तर मीही नाही, असं कर्टिस म्हणाला होता.

कामाची पद्धत वेगळी होती म्हणजे काय, तेही समजून घ्यायला हवं. मूर ‘द सेंट’ या टीव्ही मालिकेचे ११८ भाग करून आलेला. टीव्हीच्या वेळापत्रकात मुरलेला, संहिता पाठ करून वेळेवर उभा राहणारा. कर्टिस हॉलिवूडचा तारा. तो संहितेला चिकटून राहत नसे, टेक चालू असतानाच नवी वाक्यं घालायचा. समोरच्याने गडबडून जावं अशीच ही परिस्थिती. मूर मात्र तोच तिरकस भुवईचा चेहरा ठेवून शांतपणे उत्तर देतो. पहिल्या भागात माँटे कार्लोला एका कॉकटेलमध्ये ऑलिव्ह एक घालायचं की दोन यावरून दोघांची जुंपते आणि प्रकरण हाणामारीपर्यंत जातं. तो प्रसंग पुन्हा बघा. एक फटाफट बोलतोय, दुसरा सावकाश, आणि कोणीही दुसऱ्याचं वाक्य वाया जाऊ देत नाही. कर्टिसचा डॅनी वाइल्ड न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या गल्लीतून वर आलेला आणि मूरचा लॉर्ड ब्रेट सिंक्लेअर खानदानी, ही विसंगती मालिकेचा पायाच होती. प्रत्यक्षात मूर लंडनच्या एका पोलिसाचा मुलगा. लॉर्डचे कपडेही त्याने स्वतःच योजले होते, तसं श्रेयनामावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट त्या किश्श्यात कधीच येत नाही. २४ पैकी दोन भाग, ‘द लाँग गुडबाय’ आणि ‘द टाइम अँड द प्लेस’, खुद्द मूरने दिग्दर्शित केले. म्हणजे त्या भागांच्या वेळी कर्टिस मूरच्या सूचनांवर काम करत होता. बोलचाल बंद असलेल्या दोन माणसांकडून हे झालं असतं का?

मग मालिका बंद का झाली? कारण पैशाचं आहे आणि ते अमेरिकेत सापडतं. त्या काळी एका भागाचा खर्च सुमारे एक लाख पौंड सांगितला जायचा. ब्रिटिश टीव्हीसाठी ही रक्कम अवाढव्य होती. फ्रान्स-इटलीतलं चित्रीकरण, पाइनवुड स्टुडिओ, फेरारी आणि ॲस्टन मार्टिन, वर हॉलिवूडचा नट. हा डोलारा एकट्या आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीच्या जिवावर उभा राहणं शक्यच नव्हतं. अमेरिकन नेटवर्कचा पैसा त्यात गृहीत धरलेला होता. एबीसी या अमेरिकन नेटवर्कने १९७१ च्या सप्टेंबरात मालिका सुरू केली ती शनिवारी रात्री दहा वाजता, म्हणजे सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कवर ‘मिशन इम्पॉसिबल’ लागायची नेमकी त्याच वेळेला. तिथे ती चालली नाही, आणि सगळे भाग दाखवण्याआधीच एबीसीने ती काढून टाकली. अमेरिका गेल्यावर दुसऱ्या पर्वाचं गणित बसणं अवघड होतं. दोघं सख्खे भाऊ असते तरी त्यात फरक पडला नसता.

‘साफ पडली’ हे तर फक्त अमेरिकेपुरतं खरं. युरोपात ती गाजली. जर्मनीत १९७२ पासून ती ‘दोघं’ अशा अर्थाच्या नावाने लागली. जर्मन डबिंग करणाऱ्या राइनर ब्रांट यांनी तिथे मूळ संवाद सरळ भाषांतरित न करता स्वतःचे विनोद, शाब्दिक कोट्या घालून नवेच लिहिले, आणि कर्टिसला आवाजही स्वतःच दिला. तिकडे ते संवाद लोकांच्या तोंडी बसले. फ्रान्समध्येही तिचा चाहतावर्ग मोठा आहे. संगीतकार जॉन बॅरीची ती शीर्षकधून आजही नुसत्या पहिल्या सुरांवरून ओळखली जाते.

राहता राहिला बाँड. इथे तारखाच पुरेशा आहेत. चित्रीकरण १९७१ च्या मध्याला आटोपलं. त्या वर्षी पडद्यावर बाँड होता शॉन कॉनरी. ब्रिटनमध्ये मालिकेचा शेवटचा भाग फेब्रुवारी १९७२ मध्ये लागला, मूरचं नाव बाँड म्हणून जाहीर झालं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि त्याचा पहिला बाँडपट आला १९७३ ला. तो मालिका अर्धवट टाकून गेला नाही. ठरलेले चोवीसही भाग त्याने पूर्ण केले होते.