आज उजनी किती टक्के?

डॉक्टरांनी दंडाची पट्टी सोडली, कागदावर १५८/९८ लिहिलं आणि विचारलं, "सर, राग रोज येतो का?"

"रोज कुठला? चार दिवसांआड येतो. पाण्याच्या पाळीला."

डॉक्टर हसले नाहीत. परगावचे असावेत. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले (म्हणजे शेंगाचटणी बंद. हे सोलापुरी माणसाला सांगायला काळीज लागतं) आणि भावनांकडं लक्ष द्या, असंही सांगितलं. आमच्या घरात भावनांकडं आजवर कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. लक्ष असतं ते टाकीकडं.

ही बातमी पुण्यातल्या मुलीला कळली आणि तिनं व्हिडिओ कॉलवर माझा ताबा घेतला. "बाबा, राग आला की त्याला नाव द्यायचं. श्वास चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या आणि दिवसाच्या मूडला दहापैकी मार्क द्यायचे." हे सगळं शास्त्रीय आहे म्हणे. २००३ साली एमन्स आणि मॅककलॉ या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला लावल्या आणि काहींना आठवड्याच्या कटकटी. आभारवाले जास्त समाधानी निघाले. मला त्या कटकटीवाल्यांचाच कळवळा आला. बिचारे मन लावून लिहीत असतील.

मार्कांचं मात्र जमेना. मी गणिताचा मास्तर, उभा जन्म दुसऱ्यांना मार्क देण्यात गेला. पण दहापैकी शून्याच्या खाली जाताच येत नाही, आणि मे महिन्यात दुपारी त्रेचाळीस अंशांत पंखा गरम वारा फेकत असताना माझा मूड शून्यावर थांबत नाही. तेव्हा मी आपलं गावचं माप घेतलं. उजनीचं.

बाहेरच्यांना सांगायला हवं. सोलापुरात धरणाची टक्केवारी लोक नातेवाइकाच्या तब्येतीसारखी विचारतात. "काय बे, उजनी किती?" "मायनसमध्ये गेली की." मायनस म्हणजे कोरडी नव्हे. धरणाच्या जवळपास ११७ टीएमसीतलं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठ्यात धरलेलं आहे, टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या पाण्याचे. शून्य टक्क्यांची पाटी लागते, तेव्हाही निम्म्याहून जास्त धरण भरलेलंच असतं. २०२४च्या उन्हाळ्यात ती वजा साठच्या आसपास गेली, तरी गाव त्याच पाण्यावर जगलं. फक्त पाणी खाली गेलं की आपसूक येत नाही, दुबार पंपिंग करावं लागतं, कधी तिबार. माझं तेच आहे. सकाळी पहिल्या चहानं काही वर येत नाही. दुसरा कप घेतला की शब्द फुटतो.

तर वहीत पहिल्या दिवशी लिहिलं: मूड, वजा बावीस. चांगल्या गोष्टी: एक, आज पेपर वेळेवर आला. दोन, त्यात उजनीची बातमी होती. तीन सुचेना. बायको म्हणाली, "माझं नाव लिहा की." लिहिलं. म्हणाली, "तिसऱ्या नंबरला?" मूड वजा तीस.

खरी परीक्षा पाळीच्या रात्री. आम्ही राहतो अशोक चौकाच्या मागं. पूर्व भागात मी लहानाचा मोठा झालो तो मागांच्या खटखटाटात. रात्रपाळीचे माग थांबले की उलट जाग यायची. आवाजाचं मला वावडं नाही. पण एक आवाज आहे, जो ऐकला की तळपायाची आग मस्तकात जाते. शेजारच्या अण्णांची मोटार.

पाणी सुटतं रात्री दोनच्या पुढं. चावीवाला गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवतो आणि नळ फुस्स करतो. मी हौदापाशी बसलेला, लुंगी वर खोचलेली, बादली, पातेली, कुकरचं भांडंसुद्धा ओळीनं मांडलेलं. नळाला करंगळीएवढी धार लागते. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं गुर्रर्र. धार आत ओढली जाते. नळ नुसता श्वास सोडत राहतो. मुलीचे सहा आकडे तो केव्हाच ओलांडतो, दहा दहा मिनिटं सोडतो. प्राणायाम त्याच्याकडून शिकावा.

मी नाव द्यायला लागलो. लीबरमन नावाच्या संशोधकानं २००७ मध्ये दाखवलंय की भावनेला शब्द दिला की मेंदूतलं तिचं केंद्र थोडं निवतं. मी मोठ्यानं सुरू केलं, "राग. चीड. वैताग. चरफड. तळतळाट." मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. बायको आतून म्हणाली, "अहो, अंगणात उभं राहून शिव्या देऊ नका, अण्णा ऐकतील."

"शिव्या नाहीत, शास्त्र आहे."

"मग हळू शास्त्र करा."

तेवढ्यात लाइट गेली.

आख्ख्या गल्लीचा पंखा थांबला. एरवी मी इथंच वजा पन्नासला गेलो असतो. पण भिंतीपलीकडची गुरगुरही थांबली होती. दोन क्षण शांतता, आणि नळाला मनगटाएवढी धार! गल्लीतल्या सगळ्या मोटारी मेल्या होत्या आणि पाणी उतारानं, आपल्या पायांनी, मोटार नसलेल्याच्या दारात आलं होतं. अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांपुढं अंधार, आणि मी हसत सुटलो. हास्यक्लबात जाऊन हात वर करूनसुद्धा कधी असा हसलो नव्हतो. हौद भरला, बादल्या भरल्या, कुकर भरला. बायकोनं अंधारात चमचे ठेवायचा डबा रिकामा करून दिला.

मग भिंतीवर मोबाइलचा उजेड आला. "सर, जागेच हाय का?" अण्णा. त्यांचा नळ मोटारीच्या जोडणीत अडकलेला, लाइटशिवाय थेंब येत नाही. "दोन घागरी भरू का? सकाळी पाहुणे येणार हायत."

या भावनेला काय म्हणायचं, ते मी अंधारात बराच वेळ शोधलं. आनंद म्हणावा तर जरा खुनशी होता. दया म्हणावी तर फारच चविष्ट. शेवटी म्हटलं, "या की अण्णा, चार भरा."

अण्णा आले, घागर धारेखाली धरली, आणि उन्हाळ्यावर, पाहुण्यांवर, टॉवेलच्या बाजारावर बोलत बसले. मोटारीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. बायकोनं आतून विचारलं, "अहो, वहीत लिहायचंय. आज किती टक्के?"

"अधिक चाळीस," मी म्हणालो.

तिसरी घागर अर्धी झाली होती, तेव्हा लाइट आली. पंखे फिरले, कुणाच्या तरी घरात टीव्ही ओरडला, आणि भिंतीपलीकडं गुर्रर्र सुरू झालं. आमच्या नळाची धार करंगळी झाली, मग दोरा झाली. नळानं लांब श्वास सोडला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी अण्णांकडं.

"बंद करून येतो सर," असं म्हणून ते उठले, आणि जाताना अर्धी घागर मात्र घेऊन गेले.

"किती लिहू?" बायकोनं पुन्हा विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून विसर्ग चालू आहे."