एका परातीतलं उष्टं नसतं: मोरोक्कोच्या जेवणावरच्या त्या पोस्टला माझं उत्तर

गेले दोन आठवडे एक पोस्ट फिरतीय. माझ्याकडे चार ग्रुपवरून आली, आणि परवा माहेरच्या ग्रुपवर मावशीनेही टाकली तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. पोस्टमधे एक फोटो आहे, बुटक्या गोल टेबलाभोवती मोरोक्कोतलं एक कुटुंब बसलंय, मधे परातीएवढं मातीचं भांडं, त्यात कुसकुस (रव्याचे वळून वाफवलेले बारीक कण) आणि चारी बाजूंनी हात. खालचा मजकूर लांबलचक आहे पण मुद्दे पाचच. हे लोक गरीब म्हणून एका ताटात जेवतात आणि एकमेकांचं उष्टं खातात. कुसकुस म्हणजे आपला उपमा. मसाले भारतातून गेले म्हणजे तिकडचा स्वयंपाक आपलीच कॉपी. मांसाशिवाय त्यांच्याकडे काही नसतं. आणि बायकांना शेवटी उरलंसुरलं मिळतं.

मी मोरोक्कोत अल जदीदाला दीड वर्ष राहिलेय. कासाब्लांकाच्या खाली समुद्रकाठचं गाव, जवळच जोर्फ लास्फरचं बंदर, तिथून आपल्याकडच्या खतांसाठी फॉस्फोरिक ॲसिड येतं आणि नवऱ्याची नोकरी त्याच लाईनमधली. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, त्यांना आम्ही लल्ला म्हणायचो, तिकडे मोठ्या बाईला मानाने असंच म्हणतात. पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या कुसकुसच्या दिवशी, त्यांचा नातू दार वाजवून आम्हाला खाली घेऊन गेला आणि मग निघेपर्यंत आमचे बहुतेक शुक्रवार त्यांच्याच घरी झाले. त्यामुळे हा फोटो बघून लोक "शी" म्हणतायत ते मला खरंच लागलंय.

आधी उष्ट्याचा मुद्दा, कारण सगळ्या कमेंटा त्याच्यावरच आहेत. आपल्याकडे उष्टं-खरकटं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, एकाच्या ताटातला घास दुसऱ्याने घेतला की उष्टं झालं, मीही तशीच वाढले, पहिल्या दिवशी माझाही हात अडखळलाच होता, खोटं कशाला सांगू. पण त्या परातीत खरंच काय चालतं ते बघा. जेवायच्या आधी सगळे हात धुतात, जुन्या पद्धतीच्या घरात तर पाहुण्यापुढे तस्त आणि किटली घेऊन येतात आणि बसल्या जागी हातावर पाणी घालतात. मग बिस्मिल्ला. उजवाच हात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या समोरचं तेवढंच खायचं. परात गोल आहे म्हणून रेषा दिसत नाहीत पण प्रत्येकाचा त्रिकोणी वाटा ठरलेला असतो, शेजारच्याच्या भागात हात घालणं हा असभ्यपणा, आणि हे चार वर्षांच्या पोरालाही शिकवलेलं असतं. लल्लांची नात एकदा पलीकडचा गाजराचा तुकडा ओढायला गेली तर आजीने फक्त बघितलं, हात लगेच मागे. म्हणजे तुमच्या समोरच्या कुसकुसला जेवताना दुसऱ्या कुणाचा हात लागलेलाच नसतो, ताट एक आहे पण घास आपापला.

आणि ह्या वाट्याला ते काय म्हणतात माहितीय? हक्क. आपलाच शब्द, अरबीतून आपल्याकडे आलेला. कामावरून कुणी उशिरा येणार असेल तर आई जेवण सुरू व्हायच्या आधी त्याचा हक्क वेगळा काढून झाकून ठेवते. मांस परातीच्या मधोमध असतं, भाज्यांच्या खाली, त्याला सुरुवातीला कुणी हात लावत नाही. आधी कडेकडेचं खायचं आणि मग घरातलं मोठं माणूस मांस तोडून प्रत्येकापुढे तुकडा सरकवतं, पाहुण्यापुढे जरा मोठाच. मी नको म्हटलं की लल्ला "कूली, कूली" करत (म्हणजे खा गं, खा) भोपळ्याची मऊ फोड माझ्या बाजूला ढकलायच्या. पोट भरलं की म्हणायचं बराका, म्हणजे पुरे, आणि आपण ज्याला बरकत म्हणतो तोही हाच शब्द, दोन्ही अर्थ एकातच.

आता गरिबीचं. घरात ताटं नसतात म्हणून हे करतात हे तर एका जेवणात कळेल की चूक आहे. रमजानमधे रोजा सोडताना हरीरा करतात, टोमॅटो, मसूर, छोले आणि कोथिंबीर घातलेलं दाट सूप, ते प्रत्येकाला आपापल्या वाडग्यात मिळतं, शेजारी खजूर आणि मधात घोळवलेली शबाकिया नावाची मिठाई. म्हणजे वाडगे आहेत, ताटंही आहेत, कुसकुस आणि ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) मात्र एकत्रच खायचं हे त्यांनी ठरवलेलं आहे. आणि भरपूर खर्च केलेल्या लग्नात जाऊन बघा, दहा-दहा जणांची गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलावर मधोमध एकच भलं मोठं तबक, त्यात अख्खं भाजलेलं मांस नाहीतर बस्तीया. बदामाचा कूट, दालचिनी आणि वर पिठीसाखर घातलेला तो पापुद्र्यांचा प्रकार फेस शहरातल्या श्रीमंत घरांतला आहे, तोही सगळे मिळून एकाच तबकातून खातात. ह्यात गरिबी कुठे दिसली?

दुसरा मुद्दा, कुसकुस म्हणजे उपमा. रवा दोन्हीत आहे एवढंच खरं. उपम्यात आपण रवा भाजतो आणि उकळत्या पाण्यात घालतो, कुसकुस पाण्यात शिजतच नाही. जाडा रवा मोठ्या परातीत घ्यायचा, त्या परातीला गसआ म्हणतात, मिठाचं पाणी शिंपडत, थोडं पीठ भुरभुरत तळहाताने गोल गोल फिरवायचा, बारीक कण वळले जातात, मग चाळायचे. खाली पातेल्यात भाज्या-मांस शिजतंय आणि वर भोकाचं भांडं, कस्कास, म्हणजे आपल्या मोदकपात्रासारखंच पण दोन्हीच्या सांध्यावर ओल्या कापडाची पट्टी गुंडाळतात, वाफ बाजूने निसटायला नको म्हणून. एकदा वाफवलं की परत परातीत उपडं, गरम गरमच हाताने मोकळं करायचं, पाणी, तेल नाहीतर स्मेन (त्यांचं मुरवलेलं खारट तूप) चोळायचं आणि परत वर ठेवायचं. असं तीनदा. पाकिटातलं पाच मिनिटांचं कुसकुस मिळतं तिकडे पण, आणि नोकरी करणाऱ्या बायका विकतचा वळलेला रवा आणून नुसता वाफवतातही, पण लल्लांच्या हिशोबात तीन वाफा म्हणजे तीन वाफा.

आपल्याकडचं काही जुळवायचंच असेल तर उपमा सोडा आणि गव्हले आठवा. लग्नघरात बायका गोल करून बसायच्या आणि रव्याच्या कणकेचे तांदळाएवढे गव्हले हातावर वळायच्या, मालत्या, नखुले, बोटवे, सगळा तोच प्रकार, हाताचं काम, वेळखाऊ, आणि एकटीने करायचं नाहीच. कुसकुस वळणंही असंच बायकांनी जमून करायचं काम होतं, वर्षाचं एकदम करून उन्हात वाळवून ठेवायचं. ही नक्कल आहे असं म्हणायला काहीच आधार नाही, दोन ठिकाणच्या बायकांनी गव्हाबरोबर आपापलं डोकं चालवलंय. कुसकुस मुळात आमाझीग लोकांचं, म्हणजे अरब यायच्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांचं, १३व्या शतकातल्या मगरिब-आंदलुसच्या (म्हणजे वायव्य आफ्रिका आणि तेव्हाचा मुस्लिम स्पेन) पाककृतींच्या हस्तलिखितांत त्याच्या कृती सापडतात. २०२० मधे युनेस्कोने ते वारसा यादीत घेतलं तेव्हा अर्ज मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया ह्या चौघांनी मिळून केला होता. मोरोक्को-अल्जीरियाची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे, संबंध इतके वाईट, तरी कुसकुससाठी एका कागदावर आले, मला हे फार मोठं वाटतं.

मसाल्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणूनच जास्त फसवतो. मिरी, आलं, हळद, दालचिनी आपल्या बाजूने व्यापारात गेली, मान्य. पण जिरं आणि धणे मुळात भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या पट्ट्यातले, म्हणजे जिऱ्याच्या बाबतीत घेणारे आपण. मोरोक्कोत जिरंपूड मिठाबरोबर टेबलावरच ठेवलेली असते. केशर त्यांच्याकडे तालिऊईनला पिकतं. आणि ज्या मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही ती अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली, गोव्यातून आपल्याकडे पसरली, मग कोल्हापूरचा रस्सा मेक्सिकोची कॉपी म्हणायचा का? वस्तू कुठून आली आणि तिचं काय केलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा पुदिन्याचा चहा घ्या, आतला हिरवा चहा चीनचा, १९व्या शतकात तो घरोघर पोचला, पण उंचावरून फेस येईल असा ओतलेला, साखरेच्या सुळक्यातून फोडलेल्या खड्यांनी गोड केलेला चहा चीनमधे कुणी पीत नाही. चवही वेगळीच, पोस्टमधे जेवण "आपल्यासारखंच जळजळीत" लिहिलंय ते तर साफ चूक. ताजीन मंद आचेवर शिजतं, कांदा, आलं, केशर, मिठात मुरवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह, किंवा मटणात सुका प्लम आणि बदाम. माझ्या सासूबाई आल्या होत्या तर म्हणाल्या ह्यात तिखट घालायला विसरले का हे लोक. रास अल हनूत नावाचा त्यांचा गरम मसाला आहे, शब्दशः दुकानातला वरचा माल, प्रत्येक दुकानदाराचा वेगळा, त्यातही जळजळीतपणा नसतो.

फक्त मांस खातात हे तर सरळ खोटं. बिसारा म्हणजे सुक्या बाकल्याचं (वालासारखं मोठं कडधान्य) सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं, थंडीत सकाळी टपरीवर कामगार पावाबरोबर खातात. झालूक म्हणजे वांग्याचं भरीत म्हणा हवं तर, टोमॅटो-लसूण घालून. शिवाय मसुराची उसळ, पांढऱ्या घेवड्याची उसळ. शाकाहारी असाल तर एवढंच विचारा की सात भाज्यांचं कुसकुस मांसाच्या रश्श्यात शिजवलंय का, बहुतेकदा असतं.

आता बायकांचं. इथे मी पोस्टला पूर्ण खोटं म्हणणार नाही. परके पुरुष पाहुणे आले तर, किंवा खेड्यातल्या लग्नात, पुरुष एका खोलीत आणि बायका दुसऱ्या खोलीत जेवतात आणि काही घरांत पुरुषांची परात आधी जाते. कष्टही बायकांचेच, लल्ला शुक्रवारी सकाळी आठपासून त्या वाफेत उभ्या असायच्या. आणि फेस-माराकेशच्या श्रीमंत घरांतला जो नावाजलेला स्वयंपाक, तो पिढ्यान्‌पिढ्या "दादा" म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी सांभाळला, त्यातल्या कित्येक गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन बायका होत्या, हेही सांगायला हवं. पण पोस्टमधला जो फोटो आहे, घरच्यांचं शुक्रवारचं जेवण, तिथे नवरा-बायको, सासू, मुलं सगळे एकाच परातीला बसतात आणि जिने रांधलं तीही त्याच वेळी जेवते. माझ्या आजीने आयुष्यभर पुरुषांच्या पंगती उठल्यावर जेवण केलं, गार भात आणि तळाची आमटी, तिला मी हे सांगू शकले असते तर बरं झालं असतं.

शिवाय पुरुष काही करत नाहीत असंही नाही. माराकेशची तंजिया ही पुरुषांचीच, मातीच्या उभ्या मडक्यात मांस, लसूण, जिरं, केशर आणि मुरवलेलं लिंबू भरून ते मडकं हमामच्या (सार्वजनिक न्हाणीघराच्या) भट्टीवाल्याकडे द्यायचं, तो ते राखेत पुरतो आणि काही तासांनी मित्र मिळून खातात. आणि बायकांची स्वतःची जेवणं आहेत, बाळंतिणीसाठी रफिसा करतात, तुकडे केलेल्या पोळ्यांवर कोंबडी, मसूर आणि मेथीदाण्याचा रस्सा, बघायला आलेल्या बायका बाळंतिणीबरोबर त्याच परातीतून खातात. मेथी बाळंतिणीला हवीच हे दोन्हीकडच्या आयांना कसं माहीत असतं कोण जाणे.

मावशी, तो फोटो परत उघड आणि झूम करून बघ. प्रत्येकाच्या समोर कुसकुसमधे एक खळगा पडलाय, ज्याचा त्याचा, एकही खळगा दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला नाही. मधला भोपळा अजून तसाच आहे म्हणजे जेवण नुकतंच सुरू झालंय. आणि डाव्या हाताला, लहान मुलीच्या आणि म्हाताऱ्या बाईंच्या मधे, एक जागा रिकामी आहे, तिथलं कुसकुस कुणी हलवलेलंसुद्धा नाही.