‘दीड फेरा सोडा’ हे प्रत्येक गाडीचं औषध नाही

मोबाइलवर एक सल्ला सर्रास फिरतो: ‘कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पूर्ण आवळा, दीड फेरा सोडा. कुठल्याही जुन्या गाडीला चालतं. आणखी आवळलात तर अ‍ॅव्हरेज वाढेल.’

आधी अ‍ॅव्हरेजचं बघू. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो; हा स्क्रू त्या मिश्रणाचं प्रमाण जुळवतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, जसा यामाहा आरएक्स १०० च्या मिकुनी कार्ब्युरेटरला असतो, तर तो हवेचा. आवळला की हवा घटते आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू मात्र आवळला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, करतो. म्हणजे हा सल्ला ऐकून आरएक्सवाल्याने स्क्रू आवळला, तर अ‍ॅव्हरेज राहिलं बाजूला, प्लगवर काजळी धरेल. शिवाय या स्क्रूचा अंमल साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच. पुढचं काम कार्ब्युरेटरमधल्या सुईचं आणि मेन जेटचं, म्हणजे पेट्रोलच्या मोठ्या छिद्राचं.

‘पूर्ण आवळा’ हे तर धोक्याचं. टोक बारीक, निमुळतं असतं. जोर लावला की त्याला खाच पडते किंवा ते भोकातच तुटतं. हलकेच टेकला की थांबा.

दीड फेरा ही फक्त सुरुवात. फिल्टर, प्लग आणि फोर-स्ट्रोक गाडी असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी ठीक करा. दहा मिनिटं गाडी फिरवून आणा; थंड इंजिनावर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर टिकत नाही. स्लोचा स्क्रू, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग ठरवणारा, थोडा चढवा. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा, इंजिनाला सावरायला वेळ लागतो. आरपीएम सर्वांत चढा आणि आवाज एकसारखा जिथे मिळेल, तिथे सोडा. स्लो उतरवून पुन्हा एकदा तपासा. आता थ्रॉटल झटक्यात उघडून सोडा: आरपीएम वरच रेंगाळला तर लीन, स्लोच्याही खाली बुडून वर आला तर रिच.

हवेचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आतच जुळत असेल तर पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र, लहान पडतोय. तीन फेऱ्यांच्या पुढे गेला तर मोठा. इंजिनाच्या बाजूच्या स्क्रूला हेच उलटं वाचा.

आणि कितीही फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट तुंबलाय किंवा मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारं, रबर चिरलंय. जेट कार्ब क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.