निंबाखालचा ट्रक

आमच्या अंगणात निंबाचं झाड आहे आणि त्याखाली सात वर्षं नानांचा ट्रक उभा होता. निंबाला झोक्याजोगी आडवी फांदी एकच, आणि ट्रक नेमका तिच्या पोटाखाली. आता खान्देशात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. माहेरवाशिणी येतात, झोका बांधतात, आणि त्यावर बसून सासरचा जो उद्धार होतो तो ऐकायला झाडाखाली जागा लागते. सात आखाज्या माझ्या बहिणींनी शेजाऱ्यांच्या झाडावर उसना झोका घेतला. आठव्या वर्षी फाल्गुनातच मायने निकाल दिला, "गाडी हटाव, नहीते झाड हटाव."

चार माणसं लावून ट्रक दहा पावलं ढकलता आला असता. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

त्या वेळी मी म्हणालो, "नानांची गाडी आहे, ती चालत बाहेर जाईल." शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाने अशी वाक्यं बोलू नयेत.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी 150. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एक जीप डोळ्यांपुढे आणावी, तिला भिंतीवर आपटून नाक चपटं करावं आणि मागे फाळका लावावा. 1956च्या अखेरीस अमेरिकेत विलीजने ही जात काढली, पुढे आपल्याकडे महिंद्राने बनवली. इंजिन दोन सीटांच्या मधोमध पत्र्याच्या पेटीत. त्यामुळे पौषात शेकोटी आणि वैशाखात भट्टी, दोन्ही फुकट. जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकलेला होता. म्हणून धुळ्याच्या उस्तादांनी ॲम्बॅसॅडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट शोधून आणलं. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52 प्रमाणे असा बदल करायचा तर परवानगी लागते. ती मी काढली. त्यावर वेगळा लेख होईल, पण मला अजून नोकरी करायची आहे.

काम अंगणातच. उस्तादांनी निंबाच्या त्याच फांदीला चेनपुली अडकवली, आणि सात वर्षांनी त्या फांदीवर पहिला झोका घेतला तो दीड-दोनशे किलोच्या इंजिनाने. माय ओट्यावरून बघत होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला ऐकू येतं.

इंजिन बसलं, पण पेटीचं झाकण बसेना. चारही सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी झाकणाला भिडत होती. मी म्हटलं, जरा फिरवा की. उस्ताद माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "सर, तो जरा फिरवला तर टायमिंग फिरतं. तुमच्या शाळेची घंटा जरा फिरवू का?" मग त्यांनी खालचा ड्राइव्ह गिअर उपसून दात बदलून बसवला. डिस्ट्रिब्युटर अंग चोरून उभा राहिला, झाकण बसलं. वायरी तेवढ्या नव्या घरांत लावायच्या राहिल्या. उस्ताद जेवायला गेले आणि मी मदत केली. हजेरीपटाच्या सवयीने 1-2-3-4 अशा लावल्या. ह्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असतो. स्टार्टर मारल्याबरोबर कार्बोरेटरमधून असा बार निघाला की निंबावरचे कावळे तीन दिवस परतले नाहीत आणि उस्तादांनी जेवण अर्धं टाकलं.

त्यानंतर इग्निशन कॉइल. ती इंजिनाला चिकटून होती आणि बंद पेटीत भाजून निघत होती. कॉइल गरम झाली की ठिणगी दुबळी पडते आणि गाडी रस्त्यात बसते. म्हणून कॉइल डाव्या सीटखाली नेली, तिच्यापासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची मोठी वायर लांब केली. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमधून पंधरा-वीस हजार होऊन निघतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. शेजारच्या आबांना अनुभवातून कळलं. ते बिचारे इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून डाव्या सीटवर येऊन बसले. कमरेला घामाने भिजलेलं धोतर, वायरीला बारीकशी चीर. आबा सीटवरून थेट अंगणात उतरले, मधल्या पायरीला पाय न लावता. गेल्या दहा वर्षांत त्यांना कोणी इतकं चपळ पाहिलं नव्हतं. सून म्हणाली, गुडघ्याला आराम पडला. नंतर दोघं-तिघं 'आमालेबी बसू द्या' म्हणत आले, त्यांना परत पाठवलं.

खरं दुखणं पुढे होतं. नव्या गिअरबॉक्सचं शेपूट पुढेच संपलं आणि डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गोळा, होतं तिथेच राहिलं. दोघांना जोडणारा फिरता दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, एक वीत चार बोटं कमी. पाइप जोडून एकच लांब शाफ्ट करावा, तर तो वेगात दोरीउडीच्या दोरीसारखा पोट काढतो. म्हणून दोन तुकडे करायचे आणि मध्ये सेंटर बेअरिंग टांगायचं. बेअरिंग टांगायला चासीला आडवा चॅनेल हवा. चॅनेलच्या वाटेत सायलेन्सर. सायलेन्सर डावीकडे सरकवला. उस्ताद म्हणाले, "एक हालाडं ते तीन हालतस, सर." मी हसलो. हे वाक्य तेव्हा लिहून ठेवायला हवं होतं.

आता कोन. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकून फिरणारे सांधे असतात; त्यांचे कोन सारखे लागतात. उस्तादांनी माझ्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागितला, त्याच्या मध्यावर दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लोंबवला आणि ट्रकखाली सरपटत गेले. मी बाहेरून बॅटरीचा उजेड धरून. दोरा थरथरायचा, मग थांबायचा, मग ते आतून आकडा सांगायचे. गिअरबॉक्सकडे चार, डिफरन्शियलकडे सात. पट्टी घाला, पुन्हा मोजा. चार आणि साडेपाच. अजून एक पट्टी. दुपारचं ऊन, पाठीखाली निंबोळ्या, आणि वर मुलगी विचारतेय, "पप्पा, माझा भूमितीचा पेपर परवा आहे." चार आणि चार जमले तेव्हा ट्रकखालून जो आवाज आला तो मी इतका आनंदी कधी ऐकला नव्हता.

तरी पहिल्या चक्करीत चाळिसाच्या वेगाला गाडी हिवताप आल्यागत थरथरली. कारण शोधायला दोन दिवस गेले. क्रॉस वाकडा फिरला की एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो; ही खोड दुसऱ्या क्रॉसने उलटी करून जिरवायची असते, आणि त्यासाठी क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे कान एका रेषेत लागतात. उस्तादांनी शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडावर, स्लाइड जॉइंटवर, खडूने खूण केली होती. पण त्यांचा पोऱ्या स्वच्छतेचा भोक्ता. त्याने ग्रीस भरण्याआधी शाफ्ट घासलेटने लख्ख धुतला, खूण गेली, आणि जोडताना दोन दात इकडेतिकडे झाले. मग उस्तादांनी छिन्नीने खूण ठोकली. पोऱ्यालाही एक ठोकली असती, पण मी मास्तर समोर होतो.

आखाजीच्या सकाळी ट्रक अंगणातून स्वतःच्या पायांनी निघाला. माय, बहिणी, फुई (आत्या), सगळ्या ओट्यावर. पेटीवर चहाचा काचेचा पेला ठेवून चाळीस, पन्नास केले. चहावर तरंग नाही. नाना असते तर म्हणाले असते, पेट्रोल कोण भरणार? फाट्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

डाव्या सीटखाली हात घातला नि काढून घेतला. कॉइल तव्यासारखी. आणि सीटच्या बरोब्बर खाली, बेअरिंगसाठी डावीकडे सरकवलेला सायलेन्सर.

गमछा पाण्यात भिजवून कॉइलवर टाकला. वाफ निघाली. बाभळीच्या बारीक सावलीत बसलो तोच घरून फोन. मागे बायकांचा गलका, गाणी, फांदीची करकर.

"आते काय व्हयनं?" मायने विचारलं.

सांगितलं.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "पोरींनी झोका बांधी टाका. दिन बुडस तोवर गाडी आणू नको."