मंदी संपली म्हणता, ती कुणाची?

"अर्थव्यवस्था सावरली" हे वाक्य कानावर पडलं की डोकं तडकतं. कुणाची सावरली? देशाच्या एकूण उत्पादनाचा आकडा वर आला, शेअर बाजार उसळला, मोठ्या शहरांत नोकरभरती सुरू झाली, की मंदी संपल्याचं जाहीर! ज्या पट्ट्यातली एकुलती एक खाण किंवा गिरणी बंद पडली, तो पट्टा या सरासरीत दिसतच नाही. आकड्याआड माणसं झाकायची आणि वर तोच आकडा त्यांना ऐकवायचा.

अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृत हिशोबाने जून २००९ मध्ये संपली. बेरोजगारीने १० टक्के गाठले ते त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. आणि डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला जुलै २०१३ मध्ये, मंदी संपून चार वर्षं झाल्यावर! त्या शहराची घसरण कितीतरी आधीपासूनची होती, मान्य. पण म्हणूनच तर तिथे आधी हात द्यायला हवा होता.

माझा खरा संताप मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मागे पडलेल्या भागांसाठी जी काही थोडीफार यंत्रणा असते, ती नेमकी गरजेच्या वेळी मोडीत काढतात. इंग्लंडमध्ये नऊ प्रादेशिक विकास संस्था होत्या. २००८ च्या पडझडीनंतर, २०१० मध्ये, त्या बंद करायचं ठरलं आणि २०१२ मध्ये गुंडाळल्या. आपल्याकडे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत संपली ३० एप्रिल २०२० ला. टाळेबंदीने हातावर पोट असलेल्यांचं कंबरडं मोडलं होतं, आणि तेव्हाच मुदतवाढ मिळाली नाही! मंडळांनी फार काही साधलं होतं असं मी म्हणत नाही. पण अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाचा, हिशोब मागणारी तेवढी तरी जागा होती. ती सुधारा ना, बंद काय करता?

आणि पैसे द्यायचेच झाले, तर तेही स्पर्धा लावून! ब्रिटनने २०२१ मध्ये मागे पडलेल्या भागांना वर आणायला ४८० कोटी पौंडांचा निधी काढला. तो मिळवायला स्थानिक परिषदांनी प्रस्ताव घेऊन एकमेकांशी झुंजायचं. दुसऱ्या फेरीत पाचशेहून जास्त प्रस्ताव आले, मंजूर झाले १११. सरकारी खर्चातल्या कपातीमुळे ज्या परिषदांकडे धड माणसं उरली नाहीत, त्यांनी सल्लागार नेमून, गाठीचे पैसे घालून प्रस्ताव तयार करायचे आणि शेवटी वाटाण्याच्या अक्षता घेऊन परतायचं. गरज मोजता येते की! बेरोजगारी, उत्पन्न, स्थलांतर, सगळं मोजता येतं. मग मदतीसाठी रांग कशाला?

वर परताव्याचं गणित. रस्ता कुठे बांधायचा? जिथे वाहनं जास्त. म्हणजे जिथे आधीच रस्ते, कारखाने आणि नोकऱ्या आहेत तिथे. या हिशोबाने ओसाड पडत चाललेल्या भागाचा नंबर कधीच लागणार नाही.

मग येतो तो ठरलेला सल्ला: "काम नाही तर शहरात जा." जातातच की! आधी तरुण जातात, मग शिकलेले, मग दुकानं आणि बँकेच्या शाखा. कराचं उत्पन्न आटतं, मग बस बंद, दवाखान्यात डॉक्टर नाही. ते पाहून उरलेलेही निघतात. गुन्नार मिर्डाल या अर्थशास्त्रज्ञाने हे चक्र १९५० च्या दशकातच मांडलं होतं. तरी आजही प्रत्येक मंदीनंतर जणू पहिल्यांदाच घडतंय अशा थाटात समित्या बसतात. आणि म्हाताऱ्या आईबापांना सोडून कुणी कसं जायचं, हे सल्ला देणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

जर्मनीने एकत्रीकरणाचा खर्च भागवायला करावर वेगळा अधिभार लावला, १९९५ पासून तो सलग चालू आहे. एवढं करूनही पूर्व-पश्चिम दरी पूर्ण बुजलेली नाही. इतका वेळ आणि इतका पैसा लागतो! आणि बाकीकडे काय, तर तीन वर्षांची योजना, निवडणुकीच्या तोंडावर कोनशिला, पुढच्या सरकारने नाव बदलून पुन्हा तेच. मला जिल्हानिहाय आकडे हवेत, दरवर्षी, जाहीरपणे. आणि निधी कायद्याने बांधलेला हवा, निदान पंधरा वर्षांचा, कुणाच्याही दारात प्रस्ताव घेऊन उभं न राहता मिळणारा.