कॉर्सिकाचे डोंगर ‘सोपे’ नाहीत: फिरत्या मजकुराला उत्तर

कॉर्सिका बेटावरच्या जीआर-२० या पायवाटेबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बेट भूमध्य समुद्रातलं, त्यामुळे उन्हाळ्यात ना पाऊस ना थंडी. अंतर १८० किलोमीटर, म्हणजे सह्याद्रीत फिरणाऱ्याला आठवड्याचं काम. झऱ्याचं पाणी बिनधास्त प्या. विषारी साप नाहीत, तेव्हा जनावरांची चिंता नको; आणि तशी बघण्यासारखी जनावरंही नाहीत. यातलं सापांचं तेवढं खरं आहे.

‘ना पाऊस ना थंडी’ हे काल्वीच्या किनाऱ्यापुरतं चालेल. पण मोंते चिंतो हे बेटावरचं सर्वोच्च शिखर २,७०६ मीटरचं, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून उंच, आणि समुद्रापासून जेमतेम २५ किलोमीटरवर. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. खाली ३० अंश असतील तेव्हा माथ्यावर बारा-तेरा, शिवाय वारा आणि घामाने भिजलेला शर्ट. जूनमध्ये उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींत टणक बर्फ उरलेलं असतं. सकाळी त्यावर बूट धरत नाही. हलके क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे अणकुचीदार दाते, सोबत असावेत.

पावसाचं गणित तर पुरतं उलटं आहे. ऊन चढलं की दोन्ही किनाऱ्यांवरची दमट हवा दऱ्यांतून वर सरकते, मधल्या कण्यावर एकमेकींना भिडते आणि दुपारी विजा कडाडू लागतात. म्हणून पहाटे पाच-सहाला निघायचं आणि शेवटची खिंड बाराच्या आत ओलांडायची. हाही नियम दरवेळी वाचवतो असं नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी वादळ सकाळीच आलं. मारिन्याना इथे वाऱ्याचा झोत ताशी २२० किलोमीटरच्या वर गेला आणि बेटावर पाच जण दगावले. त्याआधी १० जून २०१५ रोजी ‘सर्क द ला सोलित्युद’ या कड्यांच्या कुंडात वादळी पावसात दरड कोसळून सात गिर्यारोहक गेले. तेव्हापासून मुख्य वाट चिंतोच्या खांद्यावरून, २,६०० मीटरवरून वळवली आहे. जुनी वर्णनं वाचून बेत आखणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

‘आठवड्याचं काम’? इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, तास मोजावे लागतात. कालेंझाना ते कोंका असे एकूण १६ टप्पे आहेत. पहिल्याच दिवशी २७५ मीटरवरून सुरू करून १,५०० मीटरच्या वर मुक्काम करायचा, खिंडींचे चढउतार धरून सात तास. वाटेत भरवशाचं पाणी नाही. माणशी तीन लिटर घेऊनच निघावं. चिंतोच्या खांद्यावरचा टप्पा जेमतेम नऊ किलोमीटरचा, पण आठ तास खातो. कारण खडक. बेटाचा पश्चिम भाग ग्रॅनाइटचा आहे, वाट कित्येक ठिकाणी मोठमोठ्या धोंड्यांवरून जाते, आणि उतरताना हात लावावेच लागतात. स्पासिमाताच्या कातळांवर साखळ्या ठोकल्या आहेत. कोरड्या दिवशी तिथे बूट छान पकडतो; ओल्यात तोच कातळ, असंख्य बुटांनी घासून गुळगुळीत झालेला, पाय ठरू देत नाही. सह्याद्रीतलं शेवाळलेलं कातळ आठवा, फक्त खाली झाडी नाही.

पाण्याचं म्हणाल तर नीनो तळ्याभोवतीची हिरवळ बघून कुणालाही ओंजळ भरावीशी वाटेल. त्याच हिरवळीवर मोकाट घोडे आणि गुरं चरतात, आणि त्यांचं शेण त्याच ओहोळांत उतरतं. मुक्कामाच्या झोपड्यांवरचे नळ वापरा. नाहीतर गाळा किंवा खळखळून उकळा. दक्षिणेकडच्या कावू नदीत मात्र प्रश्न पिण्याचा नाहीच. २०१३ मध्ये तिथे पोहलेल्यांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमायसिस हा कृमींचा रोग झाला. संथ, कोमट पाण्यातल्या गोगलगायींतून निघणाऱ्या अळ्या कातडीतून आत शिरतात. तिथे गाळणी काय कामाची?

आता जनावरं. विषारी साप खरोखरच नाहीत, लांडगे-अस्वलंही नाहीत. त्रास होतो तो मोकाट डुकरांचा. तंबूत चीज ठेवून झोपलात तर सकाळी तंबूला नवं दार झालेलं दिसेल. खाणं उंच टांगा. माकीच्या, म्हणजे इथल्या दाट खुरट्या रानाच्या, झुडपांतून आलात की गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड शोधा.

‘बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मात्र सहन होत नाही. बावेल्लाच्या सुळक्यांत आणि अस्कोच्या खोऱ्यात पहाटे मुफ्लोन हे रानमेंढे दिसतात. आणि कॉर्सिकन नटहॅच हा पक्षी, आपल्या शिलींध्रीचा भाऊबंद, या बेटाबाहेर जगात कुठेही नाही. तो वैज्ञानिकांच्या हाती लागला तोच १८८३ मध्ये, जॉन व्हाइटहेडमुळे. लांबी बारा सेंटिमीटर, नराच्या डोक्यावर काळी टोपी. घरटं करायला त्याला लारिचो पाइनचं वाळलेलं, मऊ पडलेलं खोड लागतं, आणि हिवाळ्यात पोटाला त्याच झाडाचं बी. दमट हवेत पाइनची बोंडं मिटतात, म्हणून उन्हाच्या दिवशी तो बिया काढून सालीच्या फटींत दडवून ठेवतो. वाल्दू निएल्लूच्या रानात जुन्या, जाड खोडांपाशी सकाळी दहा मिनिटं गप्प उभे राहा. नजर वाळक्या बुंध्यांवर ठेवा, फांद्यांवर नको.