‘पीडीएफ पुढे पाठवा’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या वाचकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय : ‘इंटरनेटच्या काळात कॉपीराइटला अर्थ उरला नाही. प्रत काढायला पैसा लागत नाही, मग चोरी कसली? ज्ञान सर्वांचं आहे. मराठी लेखकाला तसंही काही मिळत नाही. पीडीएफ बिनधास्त पुढे पाठवा.’ मी मुद्रितशोधन करते. गप्प बसवत नाही.

प्रत फुकट निघते, पुस्तक फुकट होत नाही. लेखकाची दोन-तीन वर्षं, अक्षरजुळणी, तीन-तीन प्रुफं, मुखपृष्ठ हे सगळं पहिली प्रत निघण्याआधीच खर्ची पडलेलं असतं. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत ते जेमतेम भरून निघतं. गेल्या वर्षी मी तपासलेलं एक पुस्तक प्रकाशनानंतर आठच दिवसांत माझ्याच फोनवर आलं. पानापानावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली होती.

ज्ञान सर्वांचं, हे कायद्यालाही मान्य आहे. १९५७चा कायदा कल्पनेवर हक्क देत नाही, तिच्या मांडणीवर देतो. द्राक्षावरच्या डाउनी रोगाची माहिती कुणाच्याच मालकीची नाही, ती खुशाल आपल्या शब्दांत लिहा. अभ्यास आणि समीक्षेसाठी कलम ५२मध्ये सूट आहे. आणि फुकट वाचायचं असेल तर आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहेच की.

हक्क कायमचाही नसतो. ‘श्यामची आई’ १९३३मध्ये इथल्याच तुरुंगात लिहिली गेली. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, आणि मृत्यूनंतरची ६० वर्षं संपल्यामुळे २०११पासून ती कुणीही छापू शकतं. कुसुमाग्रजांच्या पुस्तकांना मात्र २०५९ संपेपर्यंत थांबावं लागेल. ही मुदत मलाही फार वाटते. १९९२पूर्वी ती ५० वर्षं होती. वर्षानुवर्षं बाजारात नसलेली पुस्तकं अडून राहतात, ही तक्रार तर शंभर टक्के खरी. हक्कदार पुनर्मुद्रणाला नकारच देत असेल तर सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, पण सामान्य वाचकाला ती वाट लांबची. मुदत कमी करा, ही वाट सोपी करा, अशी मागणी कुणी केली तर पहिली सही माझी. पण फिरतात त्या पीडीएफ दुर्मिळ पुस्तकांच्या नसतात, दुकानात मिळणाऱ्या नव्या पुस्तकांच्या असतात.

राहिलं ‘लेखकाला काही मिळत नाही’. थोडं मिळतं म्हणून तेही काढून घ्यायचं? अंगठ्याच्या सावलीच्या त्या पुस्तकाच्या लेखिकेला मी परवा दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं. हस्तलिखित तयार आहे. ‘आधीचे गठ्ठे घरातून हलू देत, ताई,’ म्हणाली.